आमच्या ऊन पाण्यातले बुडबुडे आणि ते पकडणाऱ्या बायका

शास्त्रीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहायलाच बसले.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यात. तुरळ आणि राजवाडी ही ऊन पाण्याची ठिकाणं आमच्या रोजच्या बोलण्यातली. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तुरळला थांबून पाय शेकले असतील. आमच्याकडे अशा झऱ्याला 'उन्हाळं' म्हणतात. ऋतूशी त्याचा संबंध नाही, ऊन म्हणजे कढत. म्हणून तर कोकणाच्या नकाशावर उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे अशी गावं सापडत जातात. पालघरपासून राजापूरपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अशी १८ ठिकाणं आणि साठेक झरे आहेत. सगळे सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, जवळजवळ एका रेषेत.

लहानपणी आजीबरोबर गोधड्या धुवायला जायचे. आजी पाण्यात हात घालायच्या आधी तळाशी बघायची. एका भेगेतून बुडबुड्यांची माळ वर येत असे. "आज झरा जोरात हाय गो बाय," असं ती कधी म्हणायची, कधी काही न बोलता कामाला लागायची. त्या बुडबुड्यात असतं काय, हे मी तिला विचारलेलं आठवतं. ती म्हणाली, "जमिनीचा श्वास." मला ते तेव्हा पटलं होतं आणि पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावरही त्यात खोडण्यासारखं फारसं सापडलं नाही.

गेली काही वर्षं मी भू-रसायनाच्या एका प्रयोगशाळेत काम करते. जमिनीतून बाहेर येणारे वायू आणि पाणी गोळा करायचं, मोजायचं आणि ते कुठून आलं असावं याचा माग काढायचा, असं ते काम. आमच्या गटाच्या प्रमुख एक मॅडम आहेत. त्यांच्याबरोबर कोकणातल्या झऱ्यांवर पहिल्यांदा नमुने घ्यायला गेले, तेव्हाचा दिवस सांगते, म्हणजे हे काम डोळ्यांपुढे येईल.

पहाटे कुंडावर गर्दी नसते म्हणून सहालाच पोचलो. आधी तापमान, मग पाण्याची आम्लता, मग क्षारता. हे सगळं तिथेच मोजावं लागतं, बाटली घरी नेईस्तोवर पाणी बदलतं. मग वायू. प्लॅस्टिकचं एक मोठं नरसाळं उपडं करून पाण्यात बुडवायचं, त्याच्या देठाला रबरी नळी. आत अडकलेली हवा पूर्ण काढून टाकायची, नरसाळं तिरकं करून, नळी दाबून, पुन्हा भरून. मग ते अलगद बुडबुड्यांच्या माळेवर आणायचं. बुडबुडे नरसाळ्यात शिरतात, देठात जमतात, नळीतलं पाणी ढकलत पुढे सरकतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला काचेची बाटली. तिच्यातली हवा आधीच शोषून काढलेली असते आणि तळाशी कॉस्टिक सोड्याचं द्रावण असतं. कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त वायू त्या द्रावणात विरघळतात, बाकीचे वरच्या मोकळ्या जागेत राहतात.

मॅडमनी आधीच बजावलं होतं, "तोटी हळू उघड, कोकणातली बाटली झटक्यात भरते." तसंच झालं. ज्वालामुखीजवळच्या वायूत कार्बन डायऑक्साइड भरपूर, तो द्रावणात मुरत राहतो आणि बाटली तासभर वायू पीत राहते. आपल्या झऱ्यांचा वायू मुख्यतः नायट्रोजन. सोड्याला त्याचं काही घेणं नाही, त्यामुळे बाटली बघता बघता गच्च होते.

हेलियमसाठी काच चालत नाही. त्याचे अणू इतके बारीक की काचेतूनही हळूहळू निसटतात. त्यासाठी तांब्याची नळी. वायू बराच वेळ तिच्यातून वाहू द्यायचा आणि मग दोन्ही टोकांच्या पट्ट्या पान्याने आवळायच्या. तांबं चपटं होत होत आतल्या आत जुळून येतं. पान्याच्या शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला माझे हात थरथरत होते, कारण तिथे चूक झाली की हवा शिरली, आणि हवा शिरली की अख्खा दिवस फुकट.

आता बुडबुड्यात काय असतं ते. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पडताना तो हवा विरघळवून घेतो, भेगांमधून खोल उतरतो, तापतो आणि दुसऱ्या वाटेने वर येतो. वाटेत खडक त्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. उरतात नायट्रोजन आणि आर्गॉन. वर येताना दाब उतरतो आणि विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते. हे ओळखायचं कसं? साध्या हवेत आर्गॉनच्या एका भागामागे नायट्रोजनचे ८४ भाग असतात. आर्गॉन पाण्यात जास्त सहज विरघळतो, म्हणून पाण्यातल्या हवेत हे प्रमाण ३८च्या आसपास येतं. झऱ्याच्या वायूत ३८च्या जवळचा आकडा आला की समजायचं, ही कुठल्यातरी जुन्या पावसाची हवा आहे.

आणि त्यात खडकाने घातलेली भर म्हणजे हेलियम. खडकातल्या युरेनियम आणि थोरियमचा ऱ्हास होताना तो तयार होत राहतो. पाणी जितकं जास्त काळ खाली राहील तितका हेलियम जास्त. म्हणजे तो एक प्रकारचं घड्याळच.

हा धागा काढायचं खरं कारण असं, की या क्षेत्रात जगभर बायकांनी केवढं काम केलंय ते आपल्याकडे कुणी सांगतच नाही. मला स्वतःला ते उशिरा कळलं. कॅनडातल्या बार्बरा शेरवूड लोलर यांचं उदाहरण घ्या. ऑन्टारियोत टिमिन्स गावाजवळ तांबं-जस्ताची खाण आहे. तिथे २.४ किलोमीटर खोलीवर खडकातून पाझरणारं पाणी त्यांच्या गटाने तपासलं. त्यातल्या हेलियम, झेनॉनसारख्या वायूंवरून त्या पाण्याचं वय निदान दीडशे कोटी वर्षं निघालं. हे २०१३ सालचं. पुढे आणखी खाली त्याहून जुनं पाणी सापडलं. ते पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट आहे, आणि बाईंनी ते जिभेवर घेऊनही पाहिलंय. आमच्या आजीनेही झऱ्याचं पाणी जिभेला लावूनच 'मचूळ हाय' म्हणून सांगितलं होतं. आपल्या झऱ्यांच्या पाण्यात क्लोराइड बरंच असतं, हे मी मोजलं तेव्हा मला तिची आठवण झाली.

किंवा दिवीना दानाबालन. इंग्लंडात डरॅम विद्यापीठात पीएच.डी. करताना हेलियम कुठे साठतो याचा त्यांनी अभ्यास केला, आणि २०१६ साली टांझानियातल्या खचदरीत हेलियमचा मोठा साठा असल्याचं ज्या गटाने जाहीर केलं त्यात त्या होत्या. जुन्या खडकात कोट्यवधी वर्षं अडकलेला हेलियम ज्वालामुखीच्या उष्णतेने सुटा होतो, असा त्यांचा सिद्धांत. तिथेही सुरुवातीचा पुरावा ऊन पाण्याच्या झऱ्यांमधले बुडबुडेच.

एक मनाला लागलेली गोष्टही सांगते. एका कुंडावर आम्हाला अडवलं. मूळ कुंडात बायकांनी उतरायचं नाही म्हणाले. मॅडमनी वाद घातला नाही. आमच्याबरोबरच्या मुलाने पुरुषांच्या कुंडातून नमुने घेतले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बायकांच्या कुंडात गेलो. तिथे एक म्हातारी आंघोळ करत होत्या, त्या म्हणाल्या, "झरा हिकडंच फुटतो, तिकडं मोरीतून जातो." मोजलं तर इकडचं पाणी दोन अंशांनी जास्त तापलेलं, आणि बुडबुडे तर फक्त इकडेच. आमच्या गटात बाई नसती तर ती भेग आम्हाला दिसलीच नसती.

तुमच्या गावात, आजोळी असं उन्हाळं असेल तर त्याबद्दल लिहा. घरातल्या बायकांना विचारून लिहा.

---

रानमोगरा

किती छान लिहिलंयस गं. मी महाडच्या बाजूची, सासरी कुंड आहे. सासूबाई रोज पहाटे जातात, संधिवाताला बरं वाटतं म्हणतात. एक शंका: आमच्याकडे सगळे 'गंधकाचं पाणी' म्हणतात. तू म्हणतेस नायट्रोजन. मग तो वास कसला?

---

शास्त्रीकाठ

रानमोगरा, वास खराच आहे. तो हायड्रोजन सल्फाइडचा, सडक्या अंड्यासारखा. आपलं नाक या वायूच्या बाबतीत फार तिखट असतं, अगदी नाममात्र असला तरी ओळखतं. नायट्रोजनला वास नाही, म्हणून भरपूर असूनही त्याची दखल कुणी घेत नाही. सांधे बरे होण्याबद्दल मी वैद्य नाही, पण कढत पाण्याने स्नायू सैल होतात हे तर घरीही अनुभवतो आपण. सासूबाईंना विचारशील का, पूर्वी पाणी याहून कढत होतं का?

---

विजयदुर्गकर

मी विजयदुर्गाचो. आमच्या किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आसत. दर वर्सा १८ ऑगस्टाक थंय हेलियमचो दिवस साजरो करतत. शाळेत आसताना आमका घेवन गेलेले. १८६८च्या ग्रहणात लॉक्यर सायबान थंय दुर्बीण लावन हेलियम सोधलो, असा आमका शिकयलेला. तोच हेलियम आमच्या कोकणाच्या जमिनीतसून बुडबुड्यांतून भायर येता, ह्या वाचून अंगावर काटो इलो.

---

वर्णपट

विजयदुर्गकर, तुमच्या किल्ल्याचा मान जराही कमी न करता एक दुरुस्ती सुचवतो, कारण खरा इतिहासही तितकाच मोठा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात सूर्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाची रंगांत फाकलेली पट्टी, बघायला फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. नॉर्मन लॉक्यर तेव्हा इंग्लंडात होते आणि त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रहणाशिवायच सूर्याचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून त्यांनी ते नवं मूलद्रव्य मानलं. लॉक्यर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, नौदलाच्या माणसांना मदतीला घेऊन. ओट्यांचा संबंध त्या मोहिमेशी आहे.

मधल्या काळात, १८९५ साली, विल्यम रॅमसे यांनी युरेनियम असलेल्या एका खनिजातून तोच वायू मिळवला. तोवर हेलियम फक्त सूर्यावर आहे अशी समजूत होती. पृथ्वीच्या पोटातही तो आहे हे कळलेलं असताना, तीनच वर्षांत लॉक्यर तुमच्या किल्ल्यात उभे होते.

---

विजयदुर्गकर

वर्णपट, आभार. ह्या माका म्हायत नाय होता. १८९८ चा तर १८९८, ओटे आमचेच. ह्या फावटी १८ ऑगस्टाक शाळेच्या पोरांका दोनय तारखो सांगतलंय, आणि हेलियम जमिनीतसून कसो येता ताय सांगतलंय.

---

सह्यकडा

लेख आवडला. पण मनापासून एक प्रश्न. शास्त्रज्ञ म्हणजे शास्त्रज्ञ. बायका आणि पुरुष असं वेगळं काढून सांगायची गरज आहे का? बुडबुडा कुणी पकडला याने त्यातला वायू बदलत नाही.

---

शास्त्रीकाठ

सह्यकडा, वायू बदलत नाही, हे शंभर टक्के खरं. पण बुडबुडा कुणाच्या हाती लागतो ते बदलतं. बायकांच्या कुंडाची गोष्ट मी म्हणूनच सांगितली.

आणि हॅरिएट ब्रूक्स यांचं काय झालं ते वाचा. रेडॉन हा आमच्या कामातला एक महत्त्वाचा वायू. खडकातल्या रेडियमपासून होतो, ३.८ दिवसांत निम्मा संपतो, म्हणून तो सापडला की वायू हल्लीच आणि जवळूनच सुटलाय असं कळतं. रेडियममधून निघणारं हे जे काही आहे ते एक जड वायू आहे, हे १९०१ साली मॉन्ट्रियलला रदरफर्ड यांच्याबरोबर दाखवलं ते हॅरिएट ब्रूक्स यांनी. पुढे १९०६ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या एका महिला महाविद्यालयात शिकवत असताना त्यांचं लग्न ठरलं, आणि लग्न करणार असाल तर नोकरी सोडा असं तिथल्या प्रमुखांनी सांगितलं. बाईंनी पत्र लिहून विरोध केला. ते लग्न मोडलं, नोकरीही गेली. वर्षभराने दुसरीकडे लग्न झालं आणि विज्ञान कायमचं सुटलं. १९३३ साली त्या गेल्या. त्यांनी आणखी वीस वर्षं काम केलं असतं तर काय काय सापडलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मी ज्या उपकरणाने रेडॉन मोजते त्यावर त्यांचं नाव कुठेच नाही.

तुमचा प्रश्न मनापासून होता म्हणून मीही सविस्तर लिहिलं.

---

सह्यकडा

हे मला ठाऊक नव्हतं. पटलं. मी रेडॉन शिकवतो अकरावीला, आजवर रदरफर्ड यांच्यापाशीच थांबत होतो.

---

खाडीपल्याड

समुद्राबद्दल कुणीच बोललं नाही अजून. आम्ही खाडीकाठचे, मला तेच आधी सुचतं. समुद्राच्या तळाशीही ऊन पाण्याचे झरे आहेत ना?

---

शास्त्रीकाठ

आहेत, आणि तिथेही बायका आहेत!

१९७७ साली गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर असे झरे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले गेले. त्याच्या आदल्या वर्षी तळाजवळून उपकरणं ओढत नेऊन पाण्याच्या तापमानातली किंचितशी वाढ टिपली गेली होती, आणि त्या कामात कॅथलीन क्रेन होत्या. तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. अंधारात, बर्फासारख्या थंड पाण्यात, अंशाच्या लहानशा भागाएवढा फरक. तेवढ्यावरून जागा सापडली. तिथे सूर्यप्रकाशाचा लवलेश नसताना वायूंवर जगणारे जीव निघाले.

माझा जास्त जीव आहे तो 'लॉस्ट सिटी'वर. डिसेंबर २००० मध्ये अटलांटिकच्या मधोमध सापडलेलं झऱ्यांचं शहरच ते. पांढरे चुनखडीचे सुळके, सर्वांत उंच ६० मीटर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पांढरं काहीतरी पहिल्यांदा लक्षात आलं ग्रेचेन फ्रूह-ग्रीन यांच्या, आणि पुढे वर्षानुवर्षं तिथलं काम नेलं डेबोरा केली यांनी. तिथलं पाणी ४० ते ९० अंश, म्हणजे आपल्या तुरळ-उन्हवऱ्याच्या पंक्तीतलं. पण त्याची उष्णता ज्वालामुखीची नाही. समुद्राचं पाणी तळाच्या खडकाशी रासायनिक क्रिया करतं आणि त्यातून हायड्रोजन आणि मिथेन सुटतात. जीवसृष्टीची सुरुवात अशाच जागी झाली असेल का, याचा शोध तिथे चालू आहे.

---

काजूबी

म्हणजे आपल्या झऱ्यांखालीही ज्वालामुखी नाही ना? गावात दर भूकंपाला ही अफवा उठते. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपात आमच्या घराची भिंत गेली होती, वडील अजून सांगतात.

---

शास्त्रीकाठ

नाही. आपला काळा दगड ज्या लाव्हाचा आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि कधीच थंड झाला. आपलं पाणी तापतं ते खोलीमुळे. जितकं खाली जाल तितकी जमीन तापलेली असते, भेगा खोल असल्या की पाणी तिथवर जाऊन येतं. वडिलांना निर्धास्त राहायला सांगा.

ज्वालामुखीवरचं काम फार वेगळं आणि फार धोक्याचं. फ्रान्सच्या कातिया क्राफ्ट रसायन शिकलेल्या, ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन वायूचे नमुने घेत. ३ जून १९९१ ला जपानच्या उन्झेन डोंगरावर पेटत्या राखेच्या लोटात त्या आणि त्यांचे पती मोरीस दोघंही गेले, एकूण ४३ जीव गेले त्या दिवशी. आता एमा लिऊ यांच्यासारख्या शास्त्रज्ञ तिथे ड्रोन पाठवतात. २०१९ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या मनाम ज्वालामुखीवर त्यांच्या गटाने असे नमुने घेतले, माणसं दूर सुरक्षित राहिली.

---

निंबोणी

माझा विषय थोडा वेगळा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जमिनीतून येणारा वायू म्हटलं की मला आमची विहीर आठवते. गाळ काढायला शेजारचा एकजण उतरला, वर येईना म्हणून त्याचा भाऊ उतरला. दोघेही गेले. मी नऊ वर्षांची होते. नंतर गावात म्हणायचे, विहिरीत भूत आहे. आई मात्र म्हणायची, "आधी कंदील सोडायला हवा होता." तिच्या माहेरी विहिरीत उतरायच्या आधी पेटता कंदील दोराने खाली सोडत. विझला तर कुणी उतरायचं नाही. ती शाळेत गेली नव्हती.

---

शास्त्रीकाठ

निंबोणी, वाचून गलबलून आलं.

तुमची आई बरोबर होती. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. बंद विहिरीत कुजणारा पालापाचोळा ऑक्सिजन संपवतो. कंदील विझला म्हणजे तिथे श्वास घेण्याजोगी हवा नाही. पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी हेही लिहिते: कंदील पेटता राहिला म्हणजे विहीर सुरक्षित, असं उलट धरू नका. माणूस ज्याने गुदमरेल असे काही वायू ज्योत विझवत नाहीत, काही तर पेट घेतात. आधी पंख्याने बराच वेळ हवा खेळवा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, वर माणसं ठेवा. आणि पहिला बेशुद्ध पडला तर दुसऱ्याने तसंच उतरू नका. दुसरा जीव नेहमी तिथेच जातो.

---

वर्णपट

वरचा प्रतिसाद गावाच्या व्हॉट्सॅप गटात टाकतोय, शास्त्रीकाठ यांची परवानगी गृहीत धरून. एप्रिल-मेमध्ये गाळ काढायची कामं निघतातच.

---

माटवकर_काकू

माझी नात बारावी सायन्सला आहे, देवरुखला. हा धागा तिला वाचून दाखवला. ती म्हणते मला हेच करायचंय. घरात सगळे म्हणतात, मुलीच्या जातीने रानोमाळ बाटल्या घेऊन कुठे फिरायचं. मी तिच्या बाजूने आहे. पण पुढे काय शिकायचं ते मला सांगता येईना.

---

शास्त्रीकाठ

काकू, तुम्ही बाजूने आहात तर निम्मं काम झालं.

बी.एस्सी. रसायन किंवा भूगर्भशास्त्र घेऊन करावी. मग आयआयटीत एम.एस्सी.साठी 'जॅम' नावाची परीक्षा असते, किंवा आपल्या विद्यापीठांतूनही एम.एस्सी. करता येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं असेल तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भू-वैज्ञानिक परीक्षा. तिच्यातून भूवैज्ञानिक आणि भूभौतिकतज्ज्ञांबरोबर रसायनतज्ज्ञही घेतात, आणि भूजल मंडळाच्या जागाही तिच्यातूनच भरतात. समुद्राकडे ओढा असेल तर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्याला जवळ. अदिती पंत तिथल्याच. १९८३ साली सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या, भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या दोन बायकांपैकी एक. रानोमाळ फिरण्याबद्दल घरच्यांना हे सांगा.

आणि खरं तेही सांगते. उन्हातान्हात दिवस जातात, आडोसा नसतो, लघवीला जायची पंचाईत होते म्हणून मुली पाणीच पीत नाहीत आणि मग आजारी पडतात. मी पडलेय. गटात दुसरी बाई असणं फार मोलाचं. हे तिला आधीच कळलेलं बरं.

सुट्टीत ती माझ्याबरोबर एक दिवस झऱ्यावर आली तर मला आवडेल. नरसाळं धरायला दुसरा हात लागतोच.

---

काजूबी

आमच्या आजोळच्या कुंडाचं सुशोभीकरण झालं. गुळगुळीत लाद्या, स्टीलचे कठडे. दिसतं छान. पण पूर्वी पाणी कुठून फुटतं ते दिसायचं, आता भिंतीतल्या नळातून येतं. तुम्ही लिहिलेलं वाचल्यावर कळलं काय गेलं ते.

---

शास्त्रीकाठ

काजूबी, याच गोष्टीने मी कासावीस होते. कुंड बांधायला माझा विरोध नाही, बायकांना आडोसा हवाच. पण मूळ भेग सिमेंटने बुजवली की बुडबुडे मिळेल त्या फटीने निघून जातात आणि वाटेत हवेत मिसळतात. मग तिथे मोजण्यासारखं काही राहत नाही. ग्रामपंचायतीत काम निघालं तर एवढंच सांगा, जिथून झरा फुटतो तिथे हातभर जागा उघडी ठेवा, वरून हवं तर झाकण करा.

ज्यांना जमेल त्यांनी वहीत नोंद ठेवावी. तारीख, वेळ, जागा, तापमान, बुडबुडे किती ठिकाणी. शंभर अंशांपर्यंतचा साधा तापमापक पुरतो. तापाचा नको, तो तडकेल.

---

रानमोगरा

आज सासूबाईंबरोबर गेले होते. नवऱ्याने महाडहून तापमापक आणून दिला. लिहिते जसंच्या तसं:

पहाटे ५.४०. बायकांचं कुंड. आतल्या भिंतीलगत ४३ अंश. बाहेरच्या पायरीशी ४०. बुडबुडे दोन ठिकाणी, एक सतत, एक थांबून थांबून.

सासूबाई म्हणाल्या, पूर्वी तिसरी जागा होती, सगळ्यात जोराची. ती लादीखाली गेली. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या आणि त्यांच्या जावा तिथे पितळेचा तांब्या पाण्यात भरून उपडा धरायच्या. बुडबुड्यांनी तांब्या भरत आला की हातातून आपोआप वर उचलायचा. कुणाचा आधी उचलतो ते बघायच्या.

---

शास्त्रीकाठ

रानमोगरा!! अगं, हे आमचं नरसाळंच की. त्यांना विचार ना, तांब्या भरायला किती वेळ लागायचा? तेवढं कळलं तर त्या भेगेतून मिनिटाला किती वायू येत होता याचा अंदाज काढता येईल. पन्नास वर्षांपूर्वीचा आकडा, जो कुणीच मोजलेला नाही.

---

रानमोगरा

विचारलं. घड्याळ कुठलं तेव्हा, म्हणाल्या. तीन ओव्या म्हणून होईस्तोवर भरायचा. कोणत्या तेही आठवतंय त्यांना, तिन्ही म्हणून दाखवल्या. मोबाईलवर ध्वनिमुद्रण केलंय, ५२ सेकंद झाली.

---

शास्त्रीकाठ

आणि तो तांब्या?

---

रानमोगरा

आहे ना. देवघरात आहे. उद्या पाण्याने भरून मापून सांगते.